एकशेवीस-ऐंशी

सुरुवातीलाच सांगते. ही घडलेली गोष्ट आहे आणि माझ्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पान उलटा. मी कुणाची मनधरणी करायला बसलेली नाही.

आणि पैंजण, पांढरी साडी, पिंपळ असलं काही यात मिळणार नाही. या पानावर येणारी निम्मीअधिक भुतं मी वाचलेली आहेत. सगळी रात्री बाराला निघतात आणि सगळ्यांचे पाय उलटे. कंटाळा येतो.

माझ्या बाबतीत घडलं ते सकाळी साडेअकराला.

गुरुवार, बावीस नोव्हेंबर १९८४. कोल्हापूर, राजारामपुरी, एका दवाखान्याचा पहिला मजला. बाहेर लख्ख ऊन होतं. खाली रस्त्यावर भाजीवाली ओरडत होती. बाकावर दहा-बारा पेशंट खोकत बसलेले. भीती वाटावी असं आजूबाजूला काहीही नव्हतं.

मी सरोजिनी. तेव्हा बावन्न वर्षांची होते. सव्वीस वर्षं नर्सिंग केलेलं, त्यातली शेवटची नऊ डॉक्टर अंबादास रुकडीकरांच्या दवाखान्यात. डॉक्टरांचं नाव बदललं आहे. त्यांचे पेशंट अजून गावात आहेत.

किती आहेत, त्याचा विचार मी करत नाही.

माझ्याकडे एकच कसब होतं. बीपी बघणं. दंडाला पट्टा बांधायचा, कोपराच्या खळगीत स्टेथोस्कोपची, म्हणजे आमच्या भाषेत नळीची, चकती ठेवायची, पंप दाबत पारा वर न्यायचा आणि मग हवा हळूहळू सोडायची. पारा उतरत असताना कानात पहिला ठोका पडतो तो वरचा आकडा. ठोके ऐकू यायचे थांबतात तो खालचा. एवढंच. पण हे एवढंसुद्धा लोकांना नीट येत नाही. अर्धे जण हवा भसकन सोडतात आणि कागदावर एकशेवीस-ऐंशी लिहून मोकळे होतात. एकशेवीस-ऐंशी हा आळशी माणसाचा आकडा आहे. मी एकशेअठरा लिहिलं तर ते एकशेअठराच असायचं.

डॉक्टरांना माझ्या या कानांचा राग होता. उघड बोलायचे नाहीत, पण होता. त्यांना स्वतःला नीट ऐकायचा कंटाळा यायचा.

मग त्यांच्या मेहुण्यानं सिंगापूरहून ते मशीन आणलं.

करड्या रंगाचा एक डबा. वर लाल आकडे उमटायची काच. एक बटण. बटण दाबलं की डबा गुरगुरायचा, पट्टा आपोआप फुगायचा, आणि मिनिटाभरात आकडे समोर. नळी नको, कान नको, नर्स नको. डॉक्टरांनी ते टेबलाच्या मधोमध ठेवलं. माझं पाऱ्याचं उपकरण उचलून खिडकीत, टॉनिकच्या रिकाम्या बाटल्यांशेजारी.

पहिले आठ दिवस ते नुसतं वाईट मशीन होतं. हे मुद्दाम सांगते, कारण त्यात मला कुठलं भूत दिसलं नव्हतं. एकाच माणसाला पाच मिनिटांत तीन वेगळे आकडे दाखवायचं. पट्टा एकाच मापाचा. शेतात राबणाऱ्या बायकांच्या दंडाला तो पुरायचा नाही, मग मशीन आणखी जोरात आवळायचं. कातडीवर निळे वळ उठायचे. बाया कळवळायच्या. डॉक्टर म्हणायचे, थोडं सोसायला शिका, जपानी माल आहे.

आणि लोक सोसायचे. वर ज्याला त्याला सांगायचे की आमच्या डॉक्टरांकडे मशीन आलंय. माणसाला डब्यातून आकडा आला की तो खरा वाटतो.

त्या गुरुवारी कळंब्याची चिमणाबाई आली होती. दुधाचा धंदा करणारी, साठीची, धिप्पाड बाई. तिचं बीपी दर वेळी एकशेसत्तरच्या वर. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि बटण दाबलं.

मशीन गुरगुरलं. पट्टा फुगला. आकडा काही येईना.

पुन्हा फुगला. आधीपेक्षा जास्त.

मग तिसऱ्यांदा...

चिमणाबाईनं दुसऱ्या हातानं टेबलाची कड धरली. तिच्या कपाळावर घाम आला होता. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, काढा की हे. आतनं कायतरी वडून घेतंय."

मी पट्टा सोडवायला हात पुढे केला, तेवढ्यात तो स्वतःच सैल पडला. हवा सुटताना आवाज आला. रोज यायचा तसा फुसकन नाही... सावकाश. पोटभर जेवल्यावर माणूस सुस्कारा सोडतो तसा.

काचेवर आकडे उमटले. एकशेवीस. ऐंशी.

डॉक्टर खूश. बघा, गोळ्या लागू पडल्या. मला ते पटलं नाही. गोळ्या त्याच होत्या, बाई तीच होती. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले तशी मी चिमणाबाईला खिडकीशी बसवलं, माझा पट्टा बांधला, नळी कानात घातली आणि पारा दोनशेपर्यंत नेला.

हवा सोडली. एकशेनव्वद... एकशेसत्तर... एकशेपन्नास...

काही नाही.

शंभर... ऐंशी... साठ...

काहीच नाही.

पारा तळाला आला. कानात शुकशुकाट.

नळी बिघडली असेल म्हणून चकतीवर टिचकी मारली. ती कानात दाणकन वाजली. पुन्हा पट्टा बांधला, पुन्हा तेच. मनगट धरलं. नाडी नाही. गळ्याशी बोटं ठेवली. तिथेही नाही.

हात मात्र गरम होता. आणि चिमणाबाई बोलत होती. तिची म्हैस व्याली होती, रेडकू दगावलं होतं, गोळ्या जेवायच्या आधी घ्यायच्या की नंतर, हे सगळं ती मला सांगत होती, विचारत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

मी उठून डॉक्टरांना सांगितलं. हळू आवाजातच सांगितलं होतं, पण त्यांनी उत्तर दिलं ते सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं. सिस्टरचं वय झालं, आता कान तपासून घ्यायला हवेत. पेशंट हसले. कंपाउंडर पिराजी तर गोळ्या पुडीत बांधता बांधता सगळ्यांत मोठ्यानं हसला. "शिस्टर, तुमचं कान गेलं की वो," म्हणाला.

मला माझ्या पोटाची भीती वाटली, खोटं कशाला सांगू. कानच गेले म्हटल्यावर मला कोण ठेवणार होतं?

डॉक्टरांना एवढ्यानं समाधान नव्हतं. त्यांनी बाही वर केली. माझं बघा, म्हणाले, आणि काय ऐकू येतंय ते सगळ्यांना सांगा.

मी बघितलं. ठोके अगदी स्वच्छ आले. एकशेचौसष्ट, एकशेदोन. तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, कारण एवढं असेल याची त्यांना कल्पना नव्हती. मग ते चिडून हसले आणि त्याच दंडाला त्यांनी मशीनचा पट्टा बांधला.

मशीन गुरगुरलं. एकदा, दोनदा, तीनदा. डॉक्टरांनी दात आवळून धरले होते. मानेची शीर वर आली होती. पेशंट बघत होते, म्हणून त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही.

मग तो सुस्कारा...

एकशेवीस. ऐंशी.

"आता ऐका," ते म्हणाले.

मी नळी लावली. त्याच दंडावर, त्याच जागी, पाच मिनिटांपूर्वी जिथं ढोलासारखे ठोके वाजत होते तिथं.

काही नाही.

मी नळी कानातून काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "डॉक्टर, तुम्हीच ऐका."

त्यांनी ती अगदी तुच्छतेनं घेतली. चकती आपल्याच छातीवर ठेवली. थोडी डावीकडे सरकवली. मग वर. मग पुन्हा डावीकडे. त्यांचे डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर होते आणि ते हलत नव्हते. बाकावर कुणीतरी खोकलं तर त्यांनी हात वर करून त्याला गप्प केलं.

मिनिटभर तरी गेलं असेल.

मग त्यांनी नळी गुंडाळली, खिशात घातली आणि म्हणाले, "एकशेवीस-ऐंशी. लिहा."

मी लिहिलं.

त्या दिवशी दुपारी दवाखाना बंद करताना मी त्यांना आतल्या खोलीत गाठलं आणि विचारलं, हे काय आहे. त्यांनी आधी हात धुतले. मग म्हणाले, ती बाई चालत आली आणि चालत गेली, मी उभा आहे, बोलतोय, मला भूक लागलेली आहे. आवाज नाही म्हणून काय बिघडलं? आवाज फक्त तुम्हाला हवा असतो, सिस्टर. पेशंटला आकडा हवा असतो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या दोन्ही नळ्या त्यांनी कपाटात घातल्या आणि किल्ली स्वतःकडे ठेवली.

माझी स्वतःची एक नळी घरी होती. ती मी पिशवीतून नेऊ लागले. जिन्यात, संडासाच्या बोळात, कुठे संधी मिळेल तिथं मी पेशंटच्या छातीला ती लावली. पिराजीनं तर हौसेनं दोन-दोनदा पट्टा बांधून घेतला होता. त्याला औषधाच्या खोलीत अडवून ऐकलं. शांत. एक वकील, एक गुऱ्हाळवाला, एक बाळंतीण. सगळे शांत. सगळे एकशेवीस-ऐंशी.

आणि सगळे खूश. डोकेदुखी गेली, धाप गेली, छातीत धडधडायचं ते गेलं. जाणारच की. धडधडायला होतं काय? दवाखान्यात रांग लागायला लागली. पन्हाळ्याकडून, कोडोलीकडून माणसं यायची. दंड पुढे करायची, कळवळायची आणि हसत जायची.

मी कुणाला सांगितलं का? सांगितलं. दोघांना. दोघांनीही माझ्याशी मोठ्यानं बोलायला सुरुवात केली, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं.

आता अक्काबद्दल.

कालिंदी माझी थोरली बहीण. आम्ही तिला अक्का म्हणायचो. मंगळवार पेठेत आम्ही दोघीच राहायचो. ती विधवा, मी लग्न न केलेली. अक्का मुलींच्या शाळेची हेडमास्तरीण म्हणून रिटायर झालेली आणि तिला सगळं जग तिसरीतलं वाटायचं. मीसुद्धा. तिचं बीपी भयंकर असायचं. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी मी ते बघायची आणि रोज ती म्हणायची, झालं का तुझं नाटक. तिच्या ठोक्यांना एक खोड होती. तीन सरळ यायचे, मग एक चुकायचा. टप, टप, टप... मग थोडी पोकळी. मला ते पाठ होतं.

तिला मी बजावून ठेवलं होतं, दवाखान्याकडे फिरकायचं नाही. का ते सांगितलं नव्हतं. तिथेच चुकले. अक्काला एखादी गोष्ट करू नको म्हटलं की ती करायचीच.

जानेवारीत मला ताप आला म्हणून मी दोन दिवस घरी होते. दुसऱ्या दिवशी अक्का भाजी आणायला म्हणून गेली ती दोन तासांनी आली. चेहरा फुललेला. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं पदर सारून दंड दाखवला.

दंडावर निळसर पट्टा उमटला होता.

एकशेवीस-ऐंशी, ती म्हणाली. डॉक्टरांनी निम्म्या गोळ्या बंद केल्या. सव्वीस वर्षं तू नळी घेऊन काय करत होतीस कोण जाणे.

मी अंथरुणातून उठले, नळी घेतली आणि तिच्या छातीला लावली.

तिथं काही नव्हतं.

तीन नाहीत, चौथा चुकलेला नाही... काहीच नाही. अक्का माझ्या डोक्यावरून बोलत होती. वांगी किती महाग झालीत ते सांगत होती. तिचा आवाज मला छातीच्या आतून ऐकू येत होता, भांड्यात बोलल्यासारखा. त्याच्या मागे शुकशुकाट.

मी रडायला लागले. अक्का म्हणाली, ताप डोक्यात गेलाय, झोप.

त्यानंतरच्या सोमवारी मी कामावर गेले. दुपारी एक ते चार दवाखाना बंद असायचा. पिराजी जेवायला गेला, डॉक्टर घरी गेले. मी झाडलोट करायची आहे म्हणून मागे राहिले.

मशीन टेबलावर होतं. पट्टा त्याच्याभोवती गुंडाळलेला.

मी काय म्हणून तसं केलं ते आजही सांगता येत नाही. पिशवीतून नळी काढली, कानात घातली आणि चकती त्या डब्यावर ठेवली.

आधी वाटलं, पाऊस आहे.

पत्र्यावर जसा सगळीकडून एकदम वाजतो, तसं. मग कान सरावला... ते ठोके होते. शेकडो. कुणाचे जलद, कुणाचे सावकाश, एकात एक मिसळलेले. एक फार बारीक, फार जलद होता. ती बाळंतीण दंडाला पट्टा बांधताना पोराला मांडीवर घेऊन बसली होती, ते मला आठवलं.

मी डब्याच्या मागचं झाकण काढलं. आत टॉर्चला घालतात तसले चार सेल होते. चारही बाहेर काढून टेबलावर ठेवले.

ठोके चालूच.

मग त्या गोंगाटात मला एक सापडला. टप, टप, टप... पोकळी. टप, टप, टप... पोकळी.

औषधं कुटायचा लोखंडी खल कोपऱ्यात होता. मी त्याचा बत्ता उचलला. दोन्ही हातांनी डोक्यावर नेला. एक घाव पुरला असता.

पण फोडल्यावर अक्काचं काय होणार होतं? ते परत तिच्याकडे जाणार होतं, की तिथंच थांबणार होतं? आणि चिमणाबाई? आणि ते पोर?

हात भरून आले. मी बत्ता खाली ठेवला. सेल पुन्हा घातले, झाकण लावलं. वर फडकं मारून मशीन पुसलंसुद्धा. इतकी मी शूर.

चार वाजता डॉक्टर आले तेव्हा मी काम सोडत असल्याचं सांगितलं. त्यांनी नेहमीच्या आवाजात सगळ्यांना ऐकवलं की बरं झालं, ऐकू न येणारी नर्स काय कामाची. मग कागद उचलायचं निमित्त करून जवळ आले. त्यांच्या तोंडाला विड्याचा वास येत होता.

"तुमचा दंड यात घातलात का कधी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"घालू नका."

ते सरळ झाले आणि मोठ्यानं म्हणाले, "पुढचा पेशंट."

त्यानंतर दोन वर्षं आणि एक महिना मी अक्काबरोबर राहिले.

तिला काही दुखलं नाही. पडसं झालं नाही. तिची चाल बदलली नाही, जीभ तर अजिबात नाही. मंगळवार पेठेत डास असे की संध्याकाळी दार उघडं ठेवायची सोय नव्हती. मी अंग खाजवून रक्तबंबाळ व्हायची आणि अक्का शेजारी उघड्या हातांनी वर्तमानपत्र वाचत बसलेली असायची. तिच्यावर एक डास बसायचा नाही. म्हणायची, तुझं रक्त गोड आहे.

एकदा विळीवर तिचं बोट कापलं. खोल. कातडी दोन्हीकडे उघडलेली मी बघितली. आत पांढरं होतं. थेंबभर रक्त आलं नाही. तिनं बोट पदराला पुसलं आणि दुधी चिरत राहिली.

दंडावरचा तो निळा पट्टा कधीच गेला नाही.

दुपारी ती झोपली की मी तिच्या छातीवर कान ठेवायची. रोज. एकदा ती जागी झाली आणि माझं डोकं ढकलत म्हणाली, सरू, मी मेलेली असते तर तुला स्वयंपाक कुणी केला असता?

मला हसू आलं. खरंच आलं.

फेब्रुवारी १९८७. एका बुधवारी, दुपारी सव्वातीनला अक्का मटार सोलत बसली होती. मी आत पाणी प्यायला गेले. बाहेर आले तर तिचे हात थांबले होते. दाणे मांडीवरून खाली घरंगळत होते. डोळे उघडे.

हाक मारली. हलवलं. श्वास नव्हता.

शेजारच्यांनी गल्लीतल्या डॉक्टरला आणलं. नवीन शिकून आलेला पोरगा. गळ्यात नळी घातलेली, दागिना घालतात तशी. त्यानं मनगट धरलं, डोळ्यात बॅटरी मारली आणि मान हलवली. नाडी नाही.

पण अक्काला नाडी दोन वर्षं नव्हतीच. मग ती गेली हे ठरवायचं कशावरून?

मी त्याला म्हणाले, छाती एकदा ऐकून बघा. त्यानं माझ्याकडे बघितलं. "मावशी, तुम्ही नर्स होता ना? मग एवढं कळत नाही तुम्हाला?"

नळी त्याच्या गळ्यातच राहिली. त्यानं दाखला लिहिला आणि गेला.

आमच्या भावाचा मुलगा नृसिंह तिरडीचं सामान आणायला गेला होता. शेजारच्या बायका पाणी तापवायला परसात गेल्या. पाच-दहा मिनिटं मी तिच्याजवळ एकटी होते. मी कपाटातून माझी नळी काढली.

चकती छातीवर ठेवली.

टप. टप. टप... पोकळी.

टप. टप. टप... पोकळी.

मी नळी काढली. पुन्हा घातली. जागा बदलली. पाठीवरून ऐकलं. सगळीकडे तेच, इतकं स्पष्ट की माझ्या दातांत जाणवत होतं.

तिच्या नाकाशी आरसा धरला. वाफ नाही. बुबुळं स्थिर. हातपाय गार पडत चाललेले, जबडा आवळत चाललेला. सव्वीस वर्षांत मी पुष्कळ मेलेली माणसं बघितली होती. ही मेलेली होती.

आणि ठोका चालू होता.

नृसिंह आल्यावर मी एवढंच म्हणाले की थोडं थांबू या. का, असं त्यानं विचारलं. खोलीत सगळी गल्ली जमली होती. तो डॉक्टर पोरगाही दाराशी परत आला होता. मी तोंड उघडलं. हिला ऐकू येत नाही, हिचं डोकं ताळ्यावर नाही, हे ते सगळे कसं म्हणतील ते मला त्यांनी म्हणायच्या आधीच ऐकू येत होतं.

मी म्हणाले, काही नाही. घ्या.

आमच्यात बायका घाटावर जात नसत. मी घरात बसून राहिले. मटार अजून जमिनीवर पडलेले होते, ते गोळा केले. सातला नृसिंह पंचगंगेवरून आला. नीट झालं का सगळं, मी विचारलं. झालं, म्हणाला.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. हातानं खांदा चोळत होता. मग म्हणाला, "आत्या, खांदा देताना बांबूतून काहीतरी लागत होतं. टकटक असं. माझ्याच खांद्याची शीर उडत असेल, नाही?"

मी म्हणाले, असेल.

रुकडीकर डॉक्टर त्याच वर्षी दवाखाना विकून मुलाकडे पुण्याला गेले. मशीन त्यांनी बरोबर नेलं, की विकलं, की फुटलं, मला माहीत नाही. चौकशी करणं सोपं होतं. मी केली नाही.

हे वाचून कुणी विचारेल, मग तुम्ही बाकीच्यांना सावध का नाही केलंत? चिमणाबाईला, त्या बाळंतिणीला? काय सांगायचं होतं मी त्यांना? आणि सांगून त्यांनी काय करायचं होतं?

एक गोष्ट मात्र अजून सांगायची राहिली.

१९८९च्या मे महिन्यात, सकाळी दहाच्या सुमाराला पिराजीची बायको तानाबाई धावत माझ्याकडे आली. पायात चप्पल नव्हती. पिराजी अंघोळ करून बसला होता, बसल्या बसल्या कलंडला. त्यांच्या चाळीजवळचा डॉक्टर गावाला गेलेला. तुम्ही तरी येऊन बघा, म्हणाली.

मी गेले. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर एक खोली. पिराजीला सतरंजीवर निजवलं होतं. केस ओले होते, भांग पाडलेला. मी त्याच्या नाकाशी हात धरला. पापणी उचलली. हात गार लागला.

पिशवी माझ्या खांद्याला होती. नळी पिशवीत होती.

तानाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. "शिस्टर, नळी लावा की एकदा," ती म्हणाली. "मनाची खात्री हुईल."

खोलीत सगळे गप्प झाले. पंखा बंद होता. बाहेरचा नळसुद्धा त्या वेळी कुणी सोडलेला नव्हता. अशा शांततेत नळीची गरज पडली नसती, नुसतं जरा वाकलं असतं तरी पुरलं असतं.

मी वाकले नाही.

"गरज नाही," मी म्हणाले. "गेले. घेऊन जा."

तानाबाईनं हंबरडा फोडला. मी उठले, चप्पल घातली आणि बाहेर पडले. चाळीतल्या बायका बाजूला सरकल्या. रडणं सहन होत नाही बिचारीला, असं कुणीतरी म्हणालं.

कारण दोन्ही जिने उतरेपर्यंत मी कानांत बोटं घातलेली होती.